२१ मिनिटांच्या प्रवासाची पूर्वतयारी

वर्सोव्याहून घाटकोपर, मेट्रोने २१ मिनिटं. ८ जून २०१४ला ही गाडी सुरू झाली तेव्हापासून हा आकडा आपण बाहेरगावच्या पाहुण्यांना छाती फुगवून सांगतो, आणि तो खराही आहे. फक्त तो गाडीचा आहे, तुमचा नाही. तुम्ही आहात खाली रस्त्यावर आणि या मार्गावरची बाराच्या बारा स्टेशनं आहेत अधांतरी. म्हणून नवख्यांसाठी थोडं मार्गदर्शन.

सरकता जिना दिसला म्हणून हुरळून जाऊ नका. तुम्ही रिकाम्या हाताने आलात तर तो छान चालू असतो. कडेवर पोर, खांद्याला बॅग आणि गुडघ्याला पट्टा असा योग जुळून आला की त्याच्यासमोर फलक उभा राहतो: 'देखभालीचे काम सुरू आहे'. काम कोण करतंय हे शोधत बसू नये. जिना चालू असलाच, तर वर पोहोचताच तिथेच थांबा आणि निवांत मोबाइल काढा. मागचे लोक आपोआप तुमच्या पाठीवर येऊन विसावतील.

मग तपासणी. त्या चौकटीतून कोणीही गेलं तरी ती टुंई करते, त्यामुळे मनाला लावून घेऊ नका. पुढे उभा असलेला माणूस हातातली काठी तुमच्या खांद्यापासून कमरेपर्यंत फिरवतो, नजर दुसरीकडेच. हे ओवाळणं आहे असं समजा. ओवाळणी टाकायची पद्धत नाही. तेवढ्यात पलीकडे तुमची बॅग यंत्रातून बाहेर पडलेली असते आणि तिच्यावर कुणाचा तरी डबा आडवा झालेला असतो. रस्सा कसला आहे ते वासावरून कळतं.

तिकीट मोबाइलवर असेल तर ते गेटपाशी पोहोचल्यावरच शोधायला घ्या. आधी शोधलं तर मजा जाते. काकूंनी पाठवलेल्या सुप्रभातीच्या गुलाबांखाली कुठेतरी ते असतंच. बॅटरी दोन टक्क्यांवर असेल तर आत जाण्याची काळजी नको. बाहेर पडतानाही तेच तिकीट दाखवायचं असतं, काळजी तेव्हाची.

संध्याकाळी घाटकोपरहून उलटं निघायचं असेल तर हिशेब सोपा आहे. बारा डब्यांच्या लोकलमधून उतरलेली माणसं चार डब्यांत बसवायची आहेत. कशी, ते विचारू नका, रोज बसतात. तुम्ही फक्त श्वास आत घ्या. सोडायचा तो साकीनाक्याला.

आत शिरल्यावर मात्र थंडगार, हे मान्य करायलाच हवं. खिडकीपाशी जागा मिळाली तर अंधेरी-कुर्ला रोडवरच्या इमारतींचे वरचे मजले दिसतील. एका गॅलरीत फुलाफुलांचा गाऊन वाळत असतो आणि त्यामागे एक आजोबा चहा पीत गाडीकडे बघत असतात. नजरानजर झाली तर मान डोलवा. खाली रस्त्यावर हॉर्न वाजताहेत, पण काचेतून ते ऐकू येत नाहीत. हीच ती २१ मिनिटं. जपून वापरा.

उतरताना पाट्या वाचा, पण विसंबू नका. पाटीवर रस्त्याचं जे नाव असतं ते महापालिकेला ठाऊक असतं. तुम्हाला हवी असते ती मासळीबाजाराची गल्ली. चुकीचा जिना उतरलात तर घर समोरच दिसेल, मध्ये लोखंडी रेलिंग असेल, म्हणजे परत वर. बरोबर उतरलात तर जिना थेट फुटपाथवर येतो. थेट म्हणजे सगळ्याच फुटपाथवर. उरलेल्या दोन फुटांत विजेची पेटी, तीन स्कूटर आणि वडापावची गाडी बसवून जागा उरलीच, तर ती चालणाऱ्यांची. पावसाळ्यात वरच्या पुलाचं पाणी नेमकं तिथेच पडतं.

आता रिक्षा. रिक्षावाल्याला बिल्डिंगचं नाव, गल्ली, जवळचं देऊळ असलं काही सांगू नका. मेट्रोच्या खांबावर नंबर असतो, तो सांगा. 'नाही' तर तो म्हणणारच आहे, निदान पत्ता सांगण्याचे श्रम वाचतात.