फ्लोरेन्सला तीन तास?

आज सकाळी मावसभावानं व्हॉट्सॲपवर एका टूरचं माहितीपत्रक पाठवलं. 'मे महिन्यात जायचं म्हणतोय, बघून सांग जरा.' उघडलं. इटलीतला दिवस: सकाळी पिसाचा मनोरा, दुपारी फ्लोरेन्सचं 'विहंगम दृश्य', रात्री पदुआजवळ मुक्काम. म्हणजे मायकेलअँजेलो चौकाच्या टेकडीवरनं शहर दाखवणार, खाली नेऊन झेंडा धरलेल्या गाईडच्या मागं पळवणार, आइस्क्रीमला अर्धा तास देणार आणि परत बसमध्ये कोंबणार. सगळं मिळून तीन तास. डोकंच फिरलं.

फोन केला तर साहेब म्हणतात, "अरे, चर्चच चर्च आहेत तिकडं. किती बघायची?"

किती बघायची? अरे, एक तर धड बघ! ब्रुनेलेस्की नावाच्या वास्तुकारानं तिथल्या कॅथीड्रलचा तो घुमट १४२० ला सुरू केला आणि १४३६ ला पुरा केला, तोही जमिनीपासून लाकडी आधाराचा सांगाडा न उभारता. घुमटाला दोन कवचं आहेत, एकात एक. त्यांच्या मधल्या बोळातनं ४६३ पायऱ्या चढून वर जाता येतं. वर जाताना हाताला विटा लागतात, तिरक्या-उभ्या रचलेल्या. तिथं पाच मिनिटं थांबून बघितलं की कळतं, वरचं वजन कसं तोलून धरलंय. लिफ्ट नाही, आणि वेळ आधी बुक केल्याशिवाय आत सोडत नाहीत. तीन तासांच्या टूरमध्ये हे बसतच नाही. मग काय दाखवतात? सिन्योरिया चौकातला मायकेलअँजेलोचा डेव्हिड. ती नक्कल आहे! अस्सल पुतळा १८७३ पासून अकादमी नावाच्या संग्रहालयात आत ठेवलाय. कॅथीड्रलसमोरच्या बाप्टिस्टरीचे, म्हणजे बाप्तिस्मागृहाचे, सोनेरी दरवाजे, ज्यांच्यासमोर सगळे सेल्फी काढतात, तीही नक्कल. गिबर्ती नावाच्या शिल्पकाराचे खरे दरवाजे कॅथीड्रलच्या मागच्या संग्रहालयात आहेत, काचेआड, पण अगदी जवळनं बघता येतात. लाखांत पैसे मोजायचे आणि दोन नकला बघून यायचं. वर फेसबुकवर 'इटली डन'.

आणि हे कोल्हापूरच्या माणसानं करावं, याचा मला जास्त राग आलाय.

आप्पांना घेऊन गेलो होतो तेव्हाची गोष्ट मी इथं अर्धवट कधीतरी लिहिलीय. आप्पांना उफिझी या चित्रसंग्रहालयात काही रस नव्हता. बोत्तिचेल्लीच्या चित्रांसमोर त्यांनी बाकडं शोधलं. त्यांना एकच जागा बघायची होती. कॅशिने नावाची बाग आहे, आर्नो नदीच्या काठानं तीन-साडेतीन किलोमीटर लांब. तिच्या पार पश्चिमेच्या टोकाला आपल्या राजाराम छत्रपतींची छत्री, म्हणजे स्मारक, आहे. कोल्हापूरचे, शाहू महाराजांच्या आधी गादीवर होते ते. १८७० साली विलायतेला गेले, राणी व्हिक्टोरियाला भेटले, आणि परतीच्या वाटेवर आजारी पडून ३० नोव्हेंबरला फ्लोरेन्समध्ये वारले. वय वीस. तेव्हा फ्लोरेन्स इटलीची राजधानी होती. कॅथलिक मुलुखात दहन कोण करू देतो? पण परवानगी मिळाली, आणि जिथं मुन्योने नावाची छोटी नदी आर्नोला मिळते तिथं अंत्यविधी झाला. १८७४ ला तिथं छत्री उभी राहिली. आराखडा चार्ल्स मँटचा. कोल्हापूरचा न्यू पॅलेस ज्यानं आखला तोच.

सांगा बघू, किती टूरवाले हे दाखवतात? त्यांच्या बसमध्ये निम्मी मंडळी सातारा-सांगली-कोल्हापूरची असतात!

असो. जरा शांत होतो.

मान्य, भावाचंही काही खोटं नाही. मावशीचे गुडघे दुखतात, त्याला रजा मोजून मिळते, आणि टूरवाले जेवणाचा बंदोबस्त चोख ठेवतात. त्यात मी नाक खुपसत नाही. आयुष्यात एकदाच युरोप होणार म्हटल्यावर पॅरिसही हवं, स्वित्झर्लंडही हवं, ही ओढ मला कळते. आमच्या घरी आईनं हेच सगळं ऐकवलं होतं. पण आप्पा हट्टाला पेटले, म्हणाले, "मला एकच गाव दाखव, पण नीट दाखव." त्यामुळं आमचं नीट झालं.

आणि ते काही अवघड नाही हो. मुंबईहून फ्लोरेन्सला थेट विमान नाही. तिथला विमानतळ लहान आहे, धावपट्टी तोकडी, वारा फिरला तर विमान पिसाला नाहीतर बोलोन्याला नेऊन उतरवतात. मी तर म्हणतो रोमला उतरा. फ्युमिचिनोहून अर्ध्या तासात गाडी तेर्मिनी स्टेशनात आणते, तिथनं वेगवान गाडीनं दीड तासात सांता मारिया नोव्हेल्ला, म्हणजे फ्लोरेन्सचं स्टेशन. गाडीतनं उतरलात की शहरातच. तिकीट जितकं आधी काढाल तितकं स्वस्त. परतीचं विमान मिलानहून किंवा व्हेनिसहून घेतलं तर उलटं रोमला यायची गरज नाही. व्हिसा शेंगेनचा, फी ९० युरो, अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. आपले लोक अपॉइंटमेंट शोधायला एप्रिल उजाडू देतात आणि मग टूरवाल्याच्या पाया पडतात.

खाण्याचं म्हणाल तर रिबोलिता मागवा. शिळा पाव, पांढरा घेवडा आणि काळा कोबी घालून शिजवतात. मटणाचं पाणी घातलंय का एवढं आधी विचारून घ्या. बसून जेवलात की बिलात माणशी एक-दोन युरो बसायचे लावतात, त्यावरनं वेटरशी भांडू नका, आप्पा भांडले होते. कॉफी काउंटरला उभ्यानं प्यायली तर स्वस्त पडते. हे कळल्यावर आप्पांनी दिवसभर काउंटरच सोडला नाही.

तर छत्री. ट्रामनं कॅशिनेच्या थांब्यावर उतरलो आणि पुढं झाडांखालनं पाऊण तास चाललो. आप्पा पायजमा-शर्टावर पांढरे स्पोर्ट्स शूज घालून पुढं, मी मागं. छत्रीच्या सभोवती लोखंडी कुंपण आहे, आत जाता येत नाही. मध्ये महाराजांचा अर्धपुतळा, रंगवलेला, डोक्यावर पागोटं. आप्पांनी बूट काढले. मग चष्मा पुसून कुंपणाला नाक लावून खालचा इंग्रजी लेख मोठ्यानं वाचला, सातवीच्या वर्गात वाचावा तसा. एक पळणारा माणूस थांबला. त्याला वाटलं म्हातारा रस्ता चुकलाय, तो बिचारा हातवारे करून स्टेशन कुठं ते सांगायला लागला. आप्पांनी त्याला धरून ठेवलं, "अवर राजा, अवर राजा," आणि पुढचं सगळं शुद्ध कोल्हापुरीत. त्यानं कानातले हेडफोन काढून शेवटपर्यंत ऐकलं, हे मला फार आवडलं.

मग दोन्ही पाणी मिळतात तिथं जाऊन उभे राहिले. म्हणाले, "प्रयाग चिखलीसारखाच संगम की रे." थोड्या वेळानं माझ्या पुतण्याचं नाव घेतलं, "त्याच्याएवढं पोरगं." पुतण्या तेव्हा पुण्यात इंजिनिअरिंगला होता, मेसच्या जेवणावरनं रोज फोन करायचा. मला काही बोलता आलं नाही.

आता हे 'दिवस सहावा' मध्ये कुठं बसवणार, सांगा.

कुणीतरी कमेंटमध्ये येऊन म्हणेल, 'तुम्हाला परवडतं म्हणून.' नऊ देशांच्या टूरचे पैसे परवडतात, मग एका गावात चार-पाच रात्री राहायचे का परवडू नयेत? गुडघे दुखणाऱ्या माणसाला रोज पहाटे बॅग भरून बसमध्ये बसवण्यापेक्षा हे सोसतं तरी. मावशीला घुमट चढायला कोण सांगतंय? तिनं खाली बसून उन्हात माणसं बघावी.

भावा, टूरवाल्याला ॲडव्हान्स अजून दिला नसशील तर आज देऊ नको. रात्री घरी ये, आपण तारखा लावू. उफिझी आणि अकादमी सोमवारी बंद असतात, त्या बाकीच्या दिवसांत घालू. कॅशिनेला मंगळवारी सकाळी मोठा बाजार भरतो, कपडे, भाजी, भांडी, सगळं. छत्री त्याच दिवशी ठेवू. बाजार म्हटल्यावर मावशीचे गुडघे कधीच दुखत नाहीत, हे तुलाही माहीत आहे.