खोटं सांगून फुकट नेता आणि विकता? लाज वाटत नाही?

"घरात पेशंट आहे, फार गरज आहे" असं सांगून दुसऱ्याच्या दारातून फुकट वस्तू उचलायची आणि ती जाहिरात टाकून विकायची, याला धंदा म्हणत नाहीत. ही सरळ सरळ लबाडी आहे. आणि आपल्या नाशिकमध्ये ही लबाडी एवढी अंगवळणी पडलीय की ऐकणारा "असं होतंच हो" म्हणतो आणि विषय बदलतो. मला नाही बदलता येत विषय.

सासूबाई गेल्या आणि त्यांचं सगळं साहित्य घरात पडून राहिलं. पायाशी हँडल फिरवलं की पाठ वर होणारा लोखंडी बेड, एअर बेड आणि त्याचा पंप, व्हीलचेअर, वॉकर, कमोड खुर्ची. सगळं धडधाकट. एअर बेडची किंमत ज्यांच्या घरात कोणी अंथरुणाला खिळलंय त्यांनाच कळते. त्याच्या कप्प्यांत आलटून पालटून हवा भरते, त्यामुळे अंगाचा भार सतत एकाच जागी पडत नाही आणि माकडहाडाला, टाचांना जखमा होण्याचा धोका कमी होतो. ती जखम एकदा खोल गेली की महिनोन्‌महिने भरत नाही. मी या हातांनी ड्रेसिंग केलंय, म्हणून बोलतेय. ह्यांना म्हटलं, यातलं काही विकायचं नाही, ज्याला खरंच लागतंय त्याला देऊन टाकू. इंदिरानगरातल्या आमच्या ग्रुपवर फोटो टाकले आणि खाली स्पष्ट लिहिलं, 'गरजू रुग्णासाठी मोफत'.

पहिला फोन ज्याचा आला तो जवळजवळ रडत होता. "ताई, आत्याला पॅरालिसिस झालाय. उद्या घरी सोडतायत. भाड्याने बेड घ्यायचा तर डिपॉझिटलाही पैसे नाहीत." संध्याकाळी छोटा हत्ती घेऊन आला. बेड जिन्यावरून उतरवायला ह्यांनी हात लावला. मी चहा केला. आत्यांना कुशीवर कसं वळवायचं, दर दोन तासांनी का वळवायचं, चादरीला सुरकुती का राहू द्यायची नाही, सगळं समजावून सांगितलं. तो मान डोलवत ऐकत होता.

महिना उलटायच्या आत जुन्या वस्तूंच्या एका ॲपवर तोच बेड दिसला. आणि फोटो कोणता? माझाच! मागे आमची खिडकी, खाली आमची फरशी, कठड्याला सासूबाईंची जपमाळ अडकवायला मी बांधलेली लाल नाडी. नवा फोटो काढायचेही कष्ट घेतले नाहीत त्याने. 'हॉस्पिटल बेड, एअर मॅट्रेससह, 9000 रुपये, थोडंफार कमी होईल.' व्हीलचेअरची जाहिरात वेगळी.

मी फोन लावला. विचारलं, "दादा, आत्या कशा आहेत?" तर म्हणतो, "कोण आत्या?"

मग ओळख पटली तशी भाषा बदलली. "तुम्ही दिलंत ना? दिल्यावर वस्तू माझी झाली. टेम्पोचं भाडं मी भरलं, ओझं मी उचललं. आता मी काहीही करेन, तुम्हाला काय करायचंय?"

मला काय करायचंय? सांगते.

बेड दिला त्याच दिवशी मला आणखी एक फोन आला होता, सुरगाण्याकडच्या एका मुलाचा. वडील सिव्हिलमध्ये होते, कंबरेचं हाड मोडलेलं, आणि त्यांना गावी न्यायचं होतं. मी त्याला सांगितलं, बेड दिला गेला रे बाळा. तो म्हणाला, "बरं ताई, दुसरं काही आलं तर कळवा." एवढंच. घासाघीस नाही, रडगाणं नाही. जाहिरात बघितल्यावर मी त्या मुलाला पुन्हा फोन केला. वडिलांना जमिनीवर गोधड्या अंथरून झोपवलं होतं आणि पाठीला जखम झाली होती. हे ऐकल्यापासून मला त्या 9000 रुपयांचा जो राग आहे तो माझी वस्तू विकली म्हणून नाही. ती वस्तू त्या माणसाच्या पाठीखालून ओढून काढलेली आहे! फुकट दिलेली वस्तू कोणाचीच नसते असं या लोकांना वाटतं. ती रांगेतल्या पुढच्या गरजू माणसाची असते, आणि तुम्ही खोटं बोलून त्याच्या पुढे घुसलात.

कायद्याचा दाखला मला देऊ नका, तो मी बघितलाय. मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882 चा आहे. त्यानुसार अशी वस्तू बक्षीस म्हणून हातात सोपवली की घेणारा मालक. रेशनचं धान्य काळ्या बाजारात विकलं तर जीवनावश्यक वस्तू कायदा, 1955 खाली गुन्हा दाखल होतो, शेजारणीने दिलेल्या बेडला असं कोणतंही कवच नाही. पण खोटं सांगून समोरच्याकडून वस्तू काढून घेणं ही फसवणूक आहे आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 मध्ये तो गुन्हा आहे. जुन्या बेडसाठी पोलीस ठाण्याची पायरी कोण चढणार, हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर एवढा माज.

जुनी वस्तू विकून पैसे कमावण्यात मला काडीचंही वावगं वाटत नाही. आमच्या लहानपणी बोहारीण दारात बसायची. आईच्या जुन्या साड्या घ्यायची आणि बदल्यात स्टीलचं पातेलं द्यायची. त्या साड्या ती धुऊन, दुरुस्त करून बाजारात विकणार हे आईला माहीत होतं, बोहारणीलाही लपवायचं नव्हतं. दोघी तासभर हुज्जत घालायच्या आणि खुशीत उठायच्या. गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात जुने कपडे मांडून बसणाऱ्या बाईला मी नमस्कार करेन. भंगारवाला मोडका पंखा नेतो, वायंडिंग करून विकतो, त्याच्या हाताला दाम मिळालाच पाहिजे. इतकंच काय, रामकुंडावर थंडीत वाटलेली चादर एखाद्या उघड्यावर झोपणाऱ्याने पोटासाठी विकली, तर त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्याची मला किळस येते. त्याला भूक जास्त होती, थंडी त्याने सोसली. यांपैकी कोणी मला येऊन "आत्या आजारी आहे" असं सांगितलं नव्हतं. या माणसाने मला तोंडावर सांगितलं असतं की ताई, मी जुनं सामान घेतो आणि विकतो, तर मी त्याला सरळ सांगितलं असतं की मग नको, पेशंटला देऊ दे. त्याला हे उत्तर माहीत होतं. म्हणूनच आत्या जन्माला आली.

ग्रुपवर हे टाकलं तर काय उपदेश झाले! "दिलेल्या दानाकडे मागे वळून बघू नये." "उजव्या हाताने दिलेलं डाव्या हाताला कळू नये." "जाऊ द्या ना काकू, त्याचं त्याला लखलाभ." का जाऊ द्यायचं? आपल्याकडे दान सत्पात्री द्यावं असंही सांगितलंय, ते बरं सोयीने विसरता. आणि जे "जाऊ द्या" म्हणतात त्यांच्यापैकी कोणाच्या घरी कोणी अंथरुणावर पडलेलं नाही, हे मला माहीत आहे.

याचे परिणाम आता दिसायला लागलेत. कोणी काही द्यायचं म्हटलं की मागणाऱ्याला डिस्चार्ज कार्ड मागतात, आधार कार्ड मागतात, पेशंटचा फोटो पाठवा म्हणतात. आजारी आईचा गादीवरचा फोटो अनोळखी लोकांच्या ग्रुपवर टाकायचा? का, तर कोणा एका लबाडाने खोटी आत्या उभी केली म्हणून? खरं बोलणाऱ्याने स्वतःला सिद्ध करत बसायचं आणि लबाड मात्र दुसऱ्या नंबरवरून दुसऱ्या ग्रुपमध्ये शिरणार. आमच्या शेजारच्यांनी परवा चांगली व्हीलचेअर किलोवर भंगारात घातली. म्हणाले, निदान मनस्ताप तरी नाही. एक चालती व्हीलचेअर किलोवर गेली, अशा शहरात जिथे पेठ, सुरगाणा, कळवणहून लोक पेशंट घेऊन येतात!

द्यायचंच असेल तर माझं ऐका. ज्येष्ठ नागरिक संघ, मंडळं, देवस्थानं अशा कितीतरी ठिकाणी रुग्णोपयोगी साहित्य केंद्रं चालतात. अनामत घेतात, नाममात्र भाडं घेतात किंवा तेही घेत नाहीत, आणि काम झालं की वस्तू परत येते, पुढच्याला जाते. तिथे वस्तू नोंदली जाते, त्यामुळे गायब करणं तितकं सोपं नसतं. जवळ केंद्र नसेल तर बेड उचलायला येणाऱ्याला चहा पाजत बसू नका, त्याच्यासोबत टेम्पोत बसून पेशंटच्या खोलीपर्यंत जा.

वॉकर आणि कमोड खुर्ची अजून आमच्याकडे आहे. त्या सुरगाण्याच्या मुलाला विचारलं, त्याला खुर्ची हवी आहे. रविवारी आम्ही दोघं गाडीत घालून स्वतः नेऊन देणार आहोत. वॉकर ज्याला लागतोय त्याने खुशाल फोन करावा, कागदपत्रं मागणार नाही. मात्र घरी मी येणार, आणि ज्याच्यासाठी मागताय त्याच्या हातात देणार. हे ज्याला चालत नसेल त्याने फोनच करू नये.