मालकाचे उत्तर : "किती दिवस झाले?" हे मी का विचारलं

नमस्कार सर,

आमच्या मेडिकलला दिलेला तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री शटर ओढल्यावर वाचला. घरी तपासायचं एचआयव्ही किट मागितलं तर पोराने दुकानभर ओरडून विचारलं आणि मालकाने नको ते प्रश्न विचारून लाज काढली, असं तुम्ही लिहिलंय. पहिल्या गोष्टीची माफी मागतो. पोरगा नवीन आहे, पण चूक दुकानाची, म्हणजे माझीच. त्याला समज दिली आहे.

"नको ते प्रश्न" मात्र मनाला लागलं. मी एकच विचारलं, "किती दिवस झाले?" म्हणजे, धोक्याचा संबंध येऊन. तेही काउंटरच्या कडेला येऊन, हळू आवाजात. कुठे, कोणाबरोबर, याच्याशी मला घेणंदेणं नाही. पण पुढचं सगळं दिवसांवरच ठरतं. ७२ तास उलटले नसतील तर किट शोधत बसायचं नसतं, तडक डॉक्टर गाठायचा असतो. २८ दिवसांच्या गोळ्या वेळेत सुरू झाल्या तर लागण टळू शकते. आणि आठ-दहा दिवसच झाले असतील तर किटवर एकच रेघ, म्हणजे निगेटिव्ह येते, माणूस निर्धास्त होतो, पण त्या रेघेवर विसंबता येत नाही. विषाणूविरुद्ध शरीर ज्या अँटिबॉडी तयार करतं त्या रक्तात दिसायला वेळ लागतो, घरच्या किटला तीन महिने धरतात. हे न विचारता पुडकं हातात दिलं असतं तर मला झोप लागली नसती.

"वीस मिनिटं ताटकळत ठेवलं" हेही खरं नाही हो. तुम्ही शेव्हिंग क्रीमच्या रॅकपाशी होतात, गिऱ्हाईक आलं की मागे सरत होतात. मी मुद्दाम हाक मारली नाही. बावीस वर्षं गल्ल्यावर बसतोय. शुगरचं मशीन खणखणीत आवाजात मागणारे पुरुष या किटसाठी "मित्राला हवंय" म्हणतात. बायकोची गरोदरपणात तपासणी झाली, निगेटिव्ह आली, म्हणजे आपलीही झाली असं धरून चालणारेही पुष्कळ. तसं नसतं.

किट आमच्याकडे नव्हतं. लॅबवाल्यांनी वापरायचं तपासणीचं कार्ड आमच्याकडून लॅबला जातं, ते मी सुटं विकत नाही. काउंटरजवळ बोलायला आडोसा करायचं बघतोय, जागा लहान आहे. याच दुकानावर आमचं घर चालतं, दोन नेहमीच्या गिऱ्हाइकांनी फोन करून विचारलंसुद्धा. जमलं तर स्टारचा पुन्हा विचार करा.

मी लिहून दिलेली चिठ्ठी तुम्ही काउंटरवरच ठेवून गेलात. त्यावर सिव्हिलमधलं आयसीटीसी, म्हणजे एचआयव्हीचं सरकारी सल्ला आणि तपासणी केंद्र, आणि १०९७ हा एड्स हेल्पलाइनचा फुकटचा फोन नंबर होता. त्या केंद्रात तपासणीला पैसे पडत नाहीत आणि २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने नाव गुप्त ठेवणं त्यांना बंधनकारक आहे. किती दिवस झाले ते मला नका सांगू. तिथे सांगा, पण लवकर जा.