समुद्र उजव्या हाताला ठेवा

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगतच्या रस्त्यानं केलेल्या मोटारप्रवासावरचा तुमचा लेख फार आवडला. फक्त लेखातलं जोडपं लॉस एंजेलिसहून वर सॅन फ्रान्सिस्कोला गेलं. जमलं तर उलट जा, असं मी आग्रहानं सांगेन. तिथं गाडी उजवीकडून चालवतात. दक्षिणेला निघालं की समुद्र तुमच्याच बाजूला येतो आणि वाटेत थांबायला समोरची लेन ओलांडावी लागत नाही. वाटेतल्या बिग सर या डोंगराळ किनारपट्टीवरचा १९३२ सालचा बिक्स्बी पूल तर असाच बघावा.

आम्ही कोल्हापूरची माणसं गगनबावड्यावरून करूळ घाट उतरून मालवण गाठणारी, त्यामुळं दरड म्हणजे काय ते आम्हाला सांगायला नको. तिकडंही तेच. २०१७ मध्ये बिग सरमधल्या मड क्रीकला अख्खा डोंगर रस्त्यावर आला आणि तो सुरू व्हायला वर्षाहून जास्त काळ गेला. निघण्याआधी रस्ता चालू आहे का बघाच, टाकी भरून घ्या. बिग सरमध्ये बऱ्याच ठिकाणी मोबाईलला रेंज नसते.

द्राक्षांबद्दल लेखात एकच ओळ आहे, याचं वाईट वाटलं. सँटा बार्बराजवळची सँटा इनेझचं खोरं बघा! किनाऱ्यालगतचे बाकीचे डोंगर साधारण उत्तर-दक्षिण, इथले मात्र पूर्व-पश्चिम. त्यामुळं पॅसिफिकचं धुकं, गार वारं थेट मळ्यात शिरतं. म्हणून तर एवढ्या दक्षिणेला पिनो न्वारसारखं थंडी मागणारं द्राक्ष पिकतं. आमच्या सौ. शेतकऱ्याच्या घरच्या, त्या वेलींपाशीच रमल्या.

आणि हो, वाईन चाखायची तर मुक्काम तिथंच करा. दोघांपैकी एकानं तरी स्टिअरिंगसाठी कोरडं राहायलाच हवं.