ज्याला त्याला गवत म्हणू नये

इंग्रजीच्या पहिल्याच पुस्तकात भेटणारे काही शब्द असतात: कॅट, बॉल, सन, ग्रास. वर हिरव्या रेघोट्या, खाली पाच अक्षरं, की झाला धडा. माझा या सोपेपणावर काडीचाही विश्वास नाही. इंग्रजीतले लांबलचक, भारदस्त शब्द सरळमार्गी असतात. 'फोटोसिंथेसिस' जन्मभर एकच काम इमानेइतबारे करतो. छळतात ते हे बुटके.

त्यात आपली पंचाईत दुप्पट. देवनागरीत लिहिलं की हा ग्रास थेट आपल्या ताटात येऊन पडतो. मराठीत ग्रास म्हणजे घास, आणि खग्रास ग्रहण म्हणजे आकाशभर माजलेलं गवत नव्हे. शेजारच्या हिंदीत घास म्हणजे गवत, म्हणून गोंधळ आणखी पक्का. प्रत्यक्षात दोघांची सोयरीक नाही. आपला ग्रास 'ग्रस्' धातूतला, गिळणारा. इंग्रजी ग्रासची सख्खी भावंडं म्हणजे 'ग्रो' आणि 'ग्रीन'. जुन्या इंग्रजीत त्याचं 'गॅर्स' असंही एक रूप होतं. आपण नुकसानचं नुसकान करतो, तसा तिथला र जागा बदलून बसे. उच्चाराचं म्हणाल तर दक्षिण इंग्लंडात 'ग्रास', उत्तर इंग्लंडात आणि अमेरिकेत 'ग्रॅस'. दोन्ही बरोबर. एकाच वाक्यात दोन्ही मात्र नकोत, ऐकणारा तुमचा पत्ता शोधत बसतो.

आता मोजणी. गवत मोजता येत नाही, म्हणून 'अ ग्रास' नाही आणि 'टू ग्रासेस' तर नाहीच. एक पातं हवं असेल तर 'अ ब्लेड ऑफ ग्रास', झुपका हवा तर 'अ टफ्ट', जमिनीचा हिरवा तुकडा हवा तर 'अ पॅच'. हे पाठ होतं न होतं तोच वनस्पतिशास्त्रज्ञ उगवतो आणि खुशाल 'ग्रासेस' म्हणतो. त्याचंही बरोबर, कारण तो पाती मोजत नाही, जाती मोजतो. गवताच्या कुळात सुमारे 12,000 जाती आहेत आणि त्यांत गहू, तांदूळ, मका, ऊस अशी बडी मंडळी बसलेली आहेत. बांबूही त्यातलाच. तीस मीटर उंच वाढलेल्या बांबूकडे मान वर करून 'दिस इज अ ग्रास' म्हणणं शास्त्राने शुद्ध आहे. उलट ज्यांच्या नावातच ग्रास आहे त्यांची खात्री नाही. 'सीग्रास' गवत नव्हे, 'कॉटनग्रास' लव्हाळ्याच्या कुळातलं. नावावर जाऊ नये म्हणतात ते खरंच आहे.

थोडक्यात, 'अ ग्रास' असं एकवचनात म्हणणारा माणूस एक तर वनस्पतिशास्त्रज्ञ असतो किंवा ब्रिटिश गुन्हेगार. शास्त्रज्ञाचं कळलं. गुन्हेगाराचं पुढे सांगतो, कारण त्याआधी 'ऑन' आणि 'इन'चा निकाल लावायला हवा.

'सिट ऑन द ग्रास' आणि 'हाइड इन द ग्रास' यांत फरक उंचीचा आहे. गवत आखूड असेल, बूड त्याच्यावर टेकत असेल, तर 'ऑन'. गवत अंगाभोवती येत असेल तर 'इन'. म्हणून सतरंजी 'ऑन' आणि साप 'इन'. 'अ स्नेक इन द ग्रास' हा गोड बोलून दगा देणारा माणूस लपलेला असतो, म्हणूनच 'इन'. कापलेल्या हिरवळीवर लोळताना 'आय ॲम लाइंग इन द ग्रास' असं कळवलंत तर ऐकणाऱ्याला वाटतं, इथे कित्येक महिने कोणी यंत्र फिरवलेलं नाही. 'कीप ऑफ द ग्रास' या पाटीवर व्याकरणाचा प्रश्न येत नाही. ती पाटी ज्याच्यासाठी असते, तो ती वाचत नाही.

खरी धमाल क्रियापदात. 'ही ग्रास्ड मी अप' याचं सरळ भाषांतर 'त्याने माझ्यावर गवत उगवलं' असं होतं, आणि पोलीस कोठडीतला माणूस असं का म्हणेल हे काही केल्या कळत नाही. ब्रिटिश बोलीत 'ग्रास' म्हणजे खबऱ्या, आपल्याच टोळीची नावं पोलिसांना देणारा. याचं सहसा दिलं जाणारं कारण लंडनच्या यमकी बोलीत आहे. तिथे खरा शब्द लपवून त्याच्याशी यमक जुळणारा दुसरा वापरतात. पोलिसाला 'कॉपर' म्हणायचं, कॉपरला यमक 'ग्रासहॉपर', मग हॉपर गळतो आणि ग्रास उरतो. पोलिसाचं नाव पोलिसाला माहिती पुरवणाऱ्याला कसं चिकटलं, हा प्रश्न गुन्हेगारी जगताने फारसा मनावर घेतलेला नाही. 1930च्या दशकापासून हा अर्थ रुळला. पुढे 1970च्या दशकात एकेक जण डझनावारी साथीदारांची नावं सांगू लागला, तेव्हा 'सुपरग्रास' हा शब्द निघाला, आणि 1980च्या दशकात उत्तर आयर्लंडमधल्या खटल्यांनी तो गाजवला. याचं भाषांतर 'महागवत' करू नये. माफीचा साक्षीदार हा आपला शब्द त्याच्या बराच जवळ जातो.

वापर लक्षात ठेवायचा तो असा: एखाद्याचं नाव सांगितलं तर 'ग्रास समवन अप' किंवा 'ग्रास ऑन समवन'. 'अप' आणि 'ऑन' दोन्ही गाळून नुसतं 'ग्रास' केलं की खेळाचं मैदान लागतं. क्रिकेटच्या समालोचनात 'ही ग्रास्ड इट' म्हणजे झेल सुटला, चेंडू गवतावर पडला. गळ टाकून बसणाऱ्याच्या तोंडी मात्र 'ग्रास' करणं म्हणजे मासा ओढून काठावर आणणं. एकाच्या हातून गेलेलं आणि दुसऱ्याच्या हाती आलेलं, दोन्हींना क्रियापद एकच. याच्या जोडीला गांजा हाही अर्थ आहे, पण तो जरा म्हातारा झाला. आताची पिढी त्याला 'वीड' म्हणते, म्हणजे तण. बढती म्हणावी की पदावनती, ठरवणं अवघड.

माणसांवर गवत उगवतं ते निराळंच. नोकरीतून निवृत्त केलेल्याला 'पुट आउट टू ग्रास' म्हणतात. हा मान मुळात काम संपलेल्या घोड्याचा, तेव्हा निरोप समारंभाच्या भाषणात तो वापरू नये. 'ग्रास विडो' तर त्याहून जपून वापरावा. 1528 साली हा शब्द इंग्रजीत सापडतो तेव्हा त्याचा अर्थ होता लग्नाशिवाय राहिलेली आणि मग सोडून दिलेली बाई. एकोणिसाव्या शतकापर्यंत तो इतका सोवळा झाला, की नवरा कामावर आणि आपण थंड हवेच्या ठिकाणी, अशा हिंदुस्थानातल्या साहेबांच्या मडमांना तो सर्रास लावला जाई. आज नवरा कामासाठी परगावी असलेली बायको एवढाच अर्थ उरला आहे. जुना कोश हाताशी घेऊन कोणाला हा शब्द वापरू नका.

बाकी चुलत मंडळी थोडक्यात. राखून, कापून ठेवलेली हिरवळ ती 'लॉन'. त्याच नावाचं तलम कापड असतं, पण त्याचा हिरवळीशी काही संबंध नाही, त्याचं नाव बहुधा फ्रान्समधल्या लाँ या गावावरून आलेलं. मुळांसकट आणि मातीसकट सोलून काढलेला थर तो 'टर्फ', आयर्लंडमध्ये मात्र चुलीत जाळायची दलदलीतली माती. 'टर्फ अकाउंटंट' हा गवताचे हिशेब ठेवत नाही, घोड्यांच्या शर्यतींवर पैजा घेतो. जनावरांसाठी कापून वाळवलेलं गवत ते 'हे', धान्य झोडपून झाल्यावर उरलेल्या कोरड्या काड्या ते 'स्ट्रॉ'. 'हे फीव्हर' होतो तो मुख्यतः हिरव्या गवताच्या परागांमुळे आणि त्यात ताप सहसा नसतोच, म्हणजे नावातले दोन्ही शब्द फुकट.

राजकारण्यांच्या हाती लागलं ते गवताचं मूळ. 'ग्रासरूट्स' म्हणजे तळागाळातली सामान्य माणसं. अमेरिकेत 1912 साली माजी सिनेटर बेव्हरिज यांनी आपला नवा पक्ष ग्रासरूट्समधून आल्याचं सांगितलं आणि तेव्हापासून प्रत्येक पक्ष तिथूनच येतो. याचं नकली भावंड जन्माला आलं ते टेक्सासमधल्या ह्यूस्टनच्या छप्पर असलेल्या ॲस्ट्रोडोम स्टेडियममध्ये. 1965 साली ते उघडलं तेव्हा आत खरं गवत होतं आणि छताला पारदर्शक तावदानं होती. उन्हाच्या तिरिपीत खेळाडूंना उंच चेंडू दिसेना, म्हणून तावदानं रंगवली. चेंडू दिसू लागला, गवत मेलं. मग मेलेल्या गवतालाही हिरवा रंग फासून उरलेला हंगाम रेटला. 1966मध्ये तिथे प्लास्टिकचं गवत अंथरलं आणि त्याला 'ॲस्ट्रोटर्फ' हे नाव पडलं. 1985 साली टेक्सासचेच सिनेटर लॉइड बेंटसन यांच्याकडे पत्रांचा ढीग येऊन पडला. वरून जनतेची, आतून विमा कंपन्यांच्या हिताची. टेक्सासच्या माणसाला ग्रासरूट्स आणि ॲस्ट्रोटर्फ यांतला फरक कळतो, असं ते म्हणाले. पैसे मोजून उभ्या केलेल्या जनमताला 'ॲस्ट्रोटर्फिंग' म्हणतात ते यावरून. हे क्रियापद लोकांसाठी नव्हे, लोकांचा आव आणणाऱ्यांसाठी वापरायचं. आणि यात 'अप', 'ऑन', 'इन' यांपैकी काहीही लागत नाही, एवढीच काय ती सुटका.