झालं का रे?

टीव्ही भिंतीला टांगून झाला तेव्हा संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. टांगणारी दोन माणसं वीस मिनिटांत आली आणि गेली. जाता जाता त्यांतला एक म्हणाला, "आता फक्त वायफाय जोडून घ्या." इंजेक्शन देण्याआधी "फक्त मुंगी चावल्यासारखं वाटेल" म्हणतात ना, त्यातला तो 'फक्त'. पण हे मला बरंच उशिरा कळलं.

अण्णा सातच्या बातम्यांसाठी पावणेसातलाच समोरच्या खुर्चीत येऊन बसले. चष्मा पुसून तयार.

"वायफाय म्हणजे नेमकं काय रे?" त्यांनी विचारलं.

"वायरलेस फिडेलिटी," मी ऐटीत सांगितलं.

"काहीही," मुलगी फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली. "बाबा, त्याला अर्थच नाहीये. खरं नाव ८०२.११ असं काहीतरी रुक्ष होतं. मग १९९९ मध्ये एका ब्रँडिंग कंपनीकडून हे नाव बनवून घेतलं. हायफायसारखं ऐकू येतं म्हणून. तुमचं ते लांबलचक नंतर चिकटवलंय."

"म्हणजे अर्थ नसलेली गोष्ट जोडायची आहे," अण्णा म्हणाले. "मग किती वेळ लागणार?"

टीव्ही सुरू केला. त्याने मला प्रश्न विचारायला सुरुवात केली. भाषा कोणती? देश कोणता? अटी मान्य आहेत का? त्या अटी एकूण किती पानांच्या होत्या ते मी पाहिलं नाही, पण बाजूची सरकपट्टी उवेएवढी बारीक झाली होती त्यावरून अंदाज आला. मान्य. तुमच्या आवडीनिवडींची माहिती गोळा करू का? कर बाबा. तारीख आणि वेळ आपोआप घेऊ की तुम्ही ठरवणार? कर्सर ज्या पर्यायावर उभा होता तोच दाबला. मी प्रत्येक प्रश्नाला 'ओके' म्हणत गेलो. सकाळी कुठल्याशा मीटिंगला बसल्यासारखं.

मग नेटवर्कची यादी आली. चौदा नावं. त्यात आमचं चौथं. पहिल्या तिन्हींचे सिग्नल आमच्यापेक्षा तगडे, कारण ज्या भिंतीवर टीव्ही टांगला होता तिच्या पलीकडेच शेजाऱ्यांचा राउटर आहे, आणि आमचा आतल्या खोलीत कपाटावर, एका पितळी हत्तीच्या मागे. राउटर दिसायला चांगला दिसत नाही म्हणून बायकोने हत्ती पुढे ठेवला होता. धातूच्या आड वायफायचा जीव गुदमरतो हे मी तिला दोनदा सांगून पाहिलं आहे. हत्ती तिच्या मावशीने दिलेला आहे. विषय संपला.

आमच्या नेटवर्कची नावंही दोन. एक साधं आणि एक त्यालाच शेपटी लावलेलं, '५जी'.

"५जी घे," अण्णा म्हणाले. "४जीपेक्षा चांगलं असतं."

ते मोबाइलचं. हे वेगळं. इथे ५ म्हणजे ५ गिगाहर्ट्झ, आणि दुसरं २.४ गिगाहर्ट्झ. पाचवालं वेगवान, पण नाजूक. दोन भिंती आल्या की मान टाकतं. २.४वालं संथ, पण भिंतीतून वाट काढत येतं. फक्त मायक्रोवेव्ह चालू झाला की गडबडतं, कारण तो शेगडीवाला साधारण त्याच पट्ट्यात काम करतो. हे सगळं मी अण्णांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "याचं घड्याळ चुकतंय."

कोपऱ्यात पहाटेचे तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. "नवीन आहे अण्णा, होईल ठीक," मी म्हणालो, आणि २.४ निवडलं.

पासवर्ड कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेल्या कागदावर होता. राउटर बसवला तेव्हा माझ्या भाच्याने तो ठरवला होता. भाचा कंप्यूटरवाला. पासवर्ड सुरक्षित हवा याबाबत अत्यंत हट्टी. अठरा अक्षरं, त्यात मोठी, छोटी, आकडे, चिन्हं, आणि कुठलाही अर्थ लागणार नाही अशी मांडणी. गेल्या तीन वर्षांत तो कागद कुणी पाहिलाही नव्हता. पाहुणे आले की एका फोनवर तो काळा-पांढरा चौकोन उघडायचा, दुसऱ्या फोनने त्याचा फोटो घेतल्यासारखं करायचं, की झालं.

"मग यालाही चौकोन दाखव की," अण्णा म्हणाले.

दाखवला असता. पण आमच्या टीव्हीला कॅमेराच नाही. बघण्यासाठी असलेल्या वस्तूला स्वतःला काही दिसत नाही.

तेव्हा रिमोट. या रिमोटवर आकडे नाहीत, अक्षरं नाहीत. एक गोल, गोलात चार दिशा, मध्ये 'ओके'. पडद्यावर कीबोर्ड उघडतो आणि त्यावर एक निळा चौकोन आपण बोट धरून लहान मुलासारखा चालवत न्यायचा. 'क्यू'पासून 'पी'पर्यंत जायला उजवा बाण नऊ वेळा दाबावा लागतो. दहाव्यांदा दाबलात तर चौकोन गुपचूप पुन्हा 'क्यू'वर. मोठं अक्षर हवं तर खाली जाऊन वरचा बाण दाबून परत यायचं. ते एक अक्षर उमटलं की मोठेपणा संपला. चिन्हांचं पान वेगळं. तिथे गेल्यावर परत येताना चौकोन कुठे सोडला होता हे टीव्हीला आठवत नाही, आणि तुम्हालाही.

बायको कपाटाशी उभी राहून वाचायला लागली, मी हॉलमधून टाकायला लागलो.

"मोठा एम. मांजरातला."

"मांजर."

"तीन. अ‍ॅट. मग छोटा बी."

"बी की डी?"

"बी हो. बदकातला."

"बदकातला बी की व्ही?"

"बदकात व्ही कुठून येईल? मग ओ. किंवा शून्य."

"नक्की काय?"

थोडा वेळ शांतता. "तुमच्या भाच्याचं अक्षर आहे," ती म्हणाली. याच्या पुढे तिला जे म्हणायचं होतं ते तिने म्हटलं नाही, पण आतल्या खोलीतून ऐकू आलं.

अकराव्या अक्षराला माझा अंगठा घसरला. एक अक्षर खोडण्यासाठी मी रिमोटवरचं 'मागे' बटण दाबलं. त्या बटणाचा अर्थ एक अक्षर मागे असा नसतो. त्याचा अर्थ एक पायरी मागे. कीबोर्ड गेला, अकरा अक्षरं गेली, समोर चौदा नावांची यादी, आणि तिच्यात आता आमचं नाव सहावं.

दुसऱ्यांदा अठरा अक्षरं पूर्ण झाली. पडद्यावर अठरा काळे ठिपके. आमच्याच घरात, आमच्याच हॉलमध्ये, फक्त अण्णा बघत असताना टीव्ही आमचा पासवर्ड आमच्यापासून लपवत होता. 'जोडा' दाबलं. एक चक्र फिरलं. 'पासवर्ड चुकीचा आहे.'

"झालं का रे?" अण्णा.

तिसऱ्यांदा शून्याच्या जागी मोठा ओ. चौथ्यांदा छोटा ओ. ठिपक्यांशेजारी एक डोळ्याचं चित्र असतं आणि ते दाबलं की अक्षरं दिसतात, हे चौथ्या खेपेला मुलीने दाखवलं. "मला वाटलं तुम्हाला माहितीये," ती म्हणाली. आता अक्षरं दिसत होती. कागदाशी एकेक ताडून पाहिली. तंतोतंत. आणि चुकीची.

भाच्याला फोन लावला. उचलला नाही. मेसेज टाकला.

मग टीव्हीनेच एक आडवाट सुचवली: राउटरवरचं बटण दोन मिनिटांच्या आत दाबा, पासवर्डची गरजच नाही. मी धावलो. हत्ती सरकवला. राउटरच्या पाठीवर एकच बटण सापडलं, ते दाबलं आणि धापा टाकत परत आलो. ते बटण वायफाय बंद करायचं होतं. हे मला यादीत आमचं नाव दिसेना तेव्हा समजलं. पुन्हा धावलो, पुन्हा दाबलं.

साडेआठ वाजता माझ्या डोक्यात ती कल्पना आली. टीव्हीला पासवर्ड जमत नाही ना? मग पासवर्ड टीव्हीला जमेल असा करू. राउटरच्या आत शिरायला नाव आणि वेगळा पासवर्ड लागतो, तो त्याच्या पोटाखालच्या स्टिकरवर छापलेला असतो, इतक्या बारीक टाइपात की मी फोनने फोटो काढून तो मोठा करून वाचला. राउटर उलटा करताना एक वायर निघाली ती पुन्हा बसवली. लॅपटॉपवर राउटरचा पत्ता, १९२.१६८.१.१, टाकला, आत गेलो, आणि नव्या पासवर्डचा विचार करू लागलो.

आठपेक्षा कमी अक्षरं तो घेत नाही. ठीक. आठ तर आठ. आता, आमच्या टीव्हीवर कीबोर्ड उघडला की निळा चौकोन आपोआप 'जी'वर येऊन उभा राहतो. हे मी चार वेळा अनुभवलं होतं. तेव्हा हलायचंच कशाला? आठ वेळा 'जी'. भाच्याने पाहिलं असतं तर माझ्याशी असलेलं नातं त्याने फेरतपासणीला काढलं असतं. (नंतर तो बदलला आहे. उगाच प्रयत्न करू नका.)

'सेव्ह' दाबलं. टीव्हीसमोर आलो, रिमोटवर आठ टिचक्या मारल्या आणि टीव्ही म्हणाला, 'जोडले गेले.'

त्याच क्षणी तीन खोल्यांतून तीन आवाज आले.

"बाबा, नेट गेलं!"

"अहो, माझा कॉल तुटला!"

तिसरा आवाज माझ्याच लॅपटॉपचा होता. ऑफिसचं काहीतरी अर्धवट पाठवलं गेल्याची ती घंटी.

दार बदलल्यावर जुन्या किल्ल्या चालत नाहीत, एवढी साधी गोष्ट. घरातली प्रत्येक वस्तू जुना पासवर्ड हातात धरून बाहेर उभी होती. मुलीचा फोन, बायकोचा फोन, माझा फोन, लॅपटॉप, टॅबलेट. सगळ्यांना रांगेत बसवून 'जी' आठ वेळा शिकवला. मुलीने पासवर्ड ऐकून माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तिच्यात पूर्वी आदर होता असं मला आता वाटतं.

हे सगळं आटोपून टीव्हीकडे आलो तर नावाखाली एक नवी ओळ: 'जोडलेले आहे, पण इंटरनेट नाही.'

या वाक्याला उत्तर काय द्यायचं? पासवर्ड चुकला असता तर चूक तरी माझी होती. इथे टीव्ही म्हणतोय, मी तुमच्या घरात आलोय, बसलोय, पण मला काही मिळत नाहीये. फोनना त्याच राउटरवरून सगळं मिळत होतं. टीव्ही बंद करून चालू केला. राउटर बंद करून चालू केला. हत्तीला तात्पुरतं स्वयंपाकघरात हलवलं. काही नाही.

"मी केव्हाचा सांगतोय," अण्णा म्हणाले, "याचं घड्याळ चुकतंय."

"अण्णा, घड्याळाचा काय संबंध?"

"नसेल. पण चुकतंय."

केवळ त्यांचं समाधान म्हणून मी सेटिंगमध्ये गेलो. घड्याळच नव्हे, तारीखही चुकत होती. टीव्हीच्या मते तो दिवस १ जानेवारी २०१८ होता. संध्याकाळी मी ओके ओके करत सुटलो होतो तेव्हा 'तारीख मी ठरवणार' यालाही ओके म्हटलं होतं आणि मग काहीच ठरवलं नव्हतं.

आणि घड्याळाचा संबंध होता. इंटरनेटवरचं सुरक्षित ठिकाण भेटताक्षणी आपलं ओळखपत्र दाखवतं. त्यावर अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत वैध असं लिहिलेलं असतं. आमचा टीव्ही २०१८ सालात उभा. समोरून येणारा प्रत्येक जण त्याला अजून कित्येक वर्षांनी निघायचं असलेलं ओळखपत्र दाखवतोय. त्याने सगळ्यांना तोतये ठरवून दारातूनच परत पाठवलं. त्याच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं.

'आपोआप' निवडलं. घड्याळ गर्रकन फिरून रात्रीच्या नऊ वाजून बावन्न मिनिटांवर आलं. इंटरनेट आलं. अण्णांनी काहीही म्हटलं नाही. ते फक्त चष्मा पुन्हा पुसू लागले, आणि तो पुसायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

दहाच्या बातम्या सुरू झाल्या आणि माझा फोन वाजला. भाच्याचा मेसेज: "मामा, शेवटचं टिंब टाकलंस ना?"

मी कपाट उघडलं. अठरा अक्षरं, आणि त्यांच्यानंतर एक टिंब. ठसठशीत. आम्ही दोघांनी ते पन्नास वेळा पाहिलं होतं. आम्हाला वाटलं वाक्य संपलं.

"टाकलं होतं," मी उत्तर पाठवलं.

तेवढ्यात मुलगी आली. "बाबा, सकाळी प्रोजेक्टची प्रिंट लागणारे. प्रिंटर ऑफलाइन दाखवतोय."

प्रिंटरला मी विसरलो होतो. त्याला दोन ओळींचा हिरवट पडदा आहे आणि तीन बटणं: बाण, ओके आणि एक खूण पुसलेलं. अक्षरं टाकायची तर बाण दाबत राहायचं. सुरुवात मोठ्या 'ए'पासून, 'झेड'पर्यंत गेलं की मग छोटा 'ए'. छोटा 'जी' बत्तिसाव्या दाबाला येतो. ओके म्हटलं की पुढचं अक्षर पुन्हा मोठ्या 'ए'पासून. बत्तीस आठे दोनशे छप्पन्न.

मी जमिनीवर मांडी घालून बसलो. सात 'जी' निर्विघ्न पार पडले. आठव्याला मोजण्यात गफलत झाली आणि 'एच' आला. एक अक्षर मागे यायला हवं होतं. खूण पुसलेलं बटण त्यासाठीच असणार, असं मला वाटलं.

"झालं का रे?" हॉलमधून अण्णांनी विचारलं. "झालं असेल तर इकडे ये. आवाज कुठून वाढवायचा?"