डिलीट झालं का नाही, एवढं तर सांग ना बे!

एकच कोड लायब्ररी (प्रोग्रामरनं वापरायचा तयार कोड), तीन डिलीट फंक्शनं आणि तिघांची तोंडं तीन दिशेला. युजर उडवा, आयडी नसला तर एक्सेप्शन (काम मधातच थांबवणारी एरर). फाईल उडवा, नाही उडाली तर गुपचूप फॉल्स (म्हणजे नुसतं "नाही"). कॅशमधली (तात्पुरत्या साठ्यातली) की, म्हणजे नोंद, उडवा, तर काहीच परत येत नाही. काऊन बे? मे महिन्यातल्या नागपुरात डोकं तसंही तापलेलंच असते, त्यात हे!

फॉल्सचा अर्थ काय घ्यायचा? फाईल नव्हती? परमिशन नाही? का फोल्डर रिकामा नव्हता? जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या जुन्या फाईल क्लासनं हाच घोळ घातला होता. २०११ मध्ये जावा ७ आलं तेव्हा कुठं कारणासकट एक्सेप्शन फेकणारं डिलीट मिळालं, अन् "असेल तर उडव" हे वेगळं फंक्शन. पायथन भाषेच्या सेटमध्ये वस्तू नसली तर रिमूव्ह बोंबलते, डिस्कार्ड गप्प राहते. नाव वाचलं की समजते. (पायथनच्याच लिस्टचं रिमूव्ह मात्र सेटसारखं कीएरर न फेकता व्हॅल्यूएरर ही वेगळीच एरर फेकते, म्हणजे तिथंही सगळं धुतलेल्या तांदळासारखं नाहीच.)

"वस्तू नव्हतीच" अन् "वस्तू आहे पण उडवता आली नाही" हे एकाच पोत्यात कोंबून राहिले लोक. पहिल्यासाठी ट्रू-फॉल्स द्या, दुसऱ्यासाठी एक्सेप्शन फेका, अन् सगळ्या लायब्ररीभर तेच ठेवा. नसलेल्या वस्तूवर एक्सेप्शन फेकलं की रिट्रायची (पुन्हा प्रयत्न करण्याची) वाट लागते: पहिली रिक्वेस्ट पोचली, रेकॉर्ड उडालं, उत्तर वाटेत मेलं, टाइमआउट झाला, क्लायंटनं पुन्हा मारली, अन् आता "सापडलं नाही"! झालेलं काम फेल म्हणून लॉगमध्ये.

यावर आयटी पार्कच्या टपरीवर तर्री पोहे हाणता हाणता कोणीतरी शहाणा सांगतेच, "आधी एक्झिस्ट्स तपासून घे ना भाऊ." अरे, तपासणं अन् उडवणं याच्या मधात दुसरा थ्रेड (त्याच वेळी चालणारं दुसरं काम) हात मारून जाते, त्याचं काय?

बल्क डिलीटचं तर विचारूच नका. १०० आयडी दिले, ९७ उडाले, ३ फॉरेन कीमध्ये अडकले (दुसऱ्या टेबलातल्या नोंदी त्यांच्यावर टेकलेल्या). परत काय? फॉल्स! आता कोणते तीन ते शोधत बसा. एक तर ट्रान्झॅक्शनमध्ये (होईल तर सगळं, नाही तर काहीच नाही) घालून सगळंच रोलबॅक करा, म्हणजे मागं घ्या, नाही तर आयडीगणिक कारण लिहिलेली यादी द्या.

अन् डॉक्युमेंटेशन उघडावं तर एकच ओळ: "डिलीट: आयटम डिलीट करते." वा रे वा!